दोन टिंबांआधीचा एक

भाऊसाहेब चौलकरांच्या प्रोग्रॅमचं नाव ठरायला एक संध्याकाळ लागली, आणि त्याचा आकडा ठरायला अख्खी दिवाळी गेली. नावाचं कोणाला काही पडलेलं नव्हतं. ते 'ओहोटी' म्हणाले, लोक बरं म्हणाले आणि चहा पिऊन उठले. आकड्याचं तसं नाही. आकडा म्हटला की मुरुडात ज्याला त्याला मत असतं, आणि ते मत मांडायला तो दुसऱ्याच्या ओट्यावर येऊन बसतो.

भाऊसाहेबांचं खरं नाव जीवन. कॉलेजात हेडक्लार्क होते म्हणून गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं, आणि निवृत्तीनंतरही म्हणत राहिलं, याचा त्यांना मनातून फार आधार होता. कॉलेजला विकतचे प्रोग्रॅम कधी परवडले नाहीत, त्यामुळे नोकरीत असतानाच ते फुकटातलं लिनक्स शिकले होते. बायको शकूताई म्हणत की माणसं निवृत्त झाली की बागेत गुंततात, देवळात गुंततात, आमचे हे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटवत बसतात आणि जेवायला हाक मारली की आणखी एक ओळ म्हणतात.

पण 'ओहोटी' हा काही रिकामपणाचा उद्योग नव्हता. मुरुडच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक उंचवटा आहे. भरती असली की होड्या त्यावरून सुखाने आत येतात; पाणी उतरलं की तोच उंचवटा होडीच्या पोटाला लागतो. किती वाजेपर्यंत आत यावं हे कोळी लोक तिथीवरून तोंडी काढतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबर येतं. बहुतेक वेळा या दोन शब्दांवर भाऊसाहेबांचा राग होता. त्यांनी तिथी, चंद्र आणि वाळूची उंची यांचा हिशेब संगणकाला शिकवला. संगणक एकच गोष्ट मोठ्या अक्षरांत सांगायचा: आज अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत पाणी आहे. कोळीवाड्याच्या मच्छीमार सोसायटीने तो पडदा भिंतीवर लावायचं कबूल केलं, पलीकडच्या तीरावर जाणाऱ्या लाँचच्या तिकीटघरानेही केलं. तिसरा संगणक म्हसळ्याच्या एका शाळेतला. म्हसळ्याला समुद्र नाही, पण शकूताईंची भाची मृणाल तिथे शिकवत होती आणि तिला नाही म्हणता आलं नाही.

आता आकड्याचं प्रकरण. लिनक्सचा संगणक रोज सकाळी आपणहून चौकशी करतो की काही नवीन आलंय का, आणि आलं असेल तर उतरवून घेतो. नवीन कोणतं नि जुनं कोणतं हे त्या बापड्याला फक्त आकड्यावरून कळतं. मोठा आकडा तो नवा. त्याला कारणं सांगून उपयोग नसतो, दाखले देऊन उपयोग नसतो. हा कारभार भाऊसाहेबांना अतिशय आवडला होता, कारण कॉलेजात त्यांनी सेवाज्येष्ठतेची यादी अशीच चालवली होती.

"शून्य पॉइंट एक ठेवतो," ते ओट्यावर म्हणाले. "जगात तशीच पद्धत आहे."

जयंतीशेठने कपाळाला आठ्या घातल्या. त्याचं बाजारात दोरखंड आणि जाळ्यांचं दुकान होतं, आणि सोसायटीच्या भिंतीवरचा टीव्ही त्याने दिला होता. टीव्हीखाली 'सौजन्य' असं लिहून त्याचं नाव टीव्हीपेक्षा फार लहान नाही अशा अक्षरांत रंगवलं होतं. "भाऊसाहेब, शून्याने सुरू होणारा माल मी दुकानात पुढे मांडत नाय. गिऱ्हाईक काय समजेल? सालाचा आकडा घाला. साल कसं भरलेलं दिसतं."

सालाची कल्पना भाऊसाहेबांनाही पटली. मोठमोठ्या लिनक्सवाल्यांतही कोणी कोणी सालावरून आकडा देतात. प्रश्न इतकाच उरला की कोणतं साल.

नुरुद्दीन उलडे कुवेतहून परतल्यावर लाँचचं तिकीटघर सांभाळत होता. तो म्हणाला, "समुंदर चांदच्या हुकमात हाय. चांदचा साल हिजरी. चौदाशे सेहेचाळीस घाला, हिशेब साफ."

"भिंतीवरच्या पंचांगात शके एकोणीसशे सेहेचाळीस आहे," शकूताई आतून म्हणाल्या. "तिथी त्यातली घेता, मग साल का नको?"

"संवत वीसशे एक्याऐंशी," जयंतीशेठ म्हणाला. "पाडव्याला आमची हिशेबाची नवी चोपडी उघडते. त्याच मुहूर्तावर टीव्ही चालू करू. भाई, टीव्ही कोणाचा हाय ते मी बोलत नाय."

ते बोलत नाय म्हणताना त्याने ते बोलूनच टाकलं होतं. बाळाजी नाखवा इतका वेळ खांबाला टेकून ऐकत होता. त्याची 'काशी' नावाची होडी होती, आईच्या नावाची, आणि सोसायटीत त्याच्या शब्दाला वजन होतं. तो म्हणाला, "आमाला आकडा कंचाबी चालंल. टाइम बरोबर द्या मंजे झाला."

त्या ओट्यावर त्या दिवशी शहाणपणाचं एवढंच बोलणं झालं, आणि त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

पाडव्याला टीव्हीला हार घातला गेला आणि पडद्याच्या कोपऱ्यात 'ओहोटी २०८१' झळकलं. जयंतीशेठने नारळ फोडला. आपण यंत्राला आज काय शब्द देऊन बसलो आहोत हे भाऊसाहेबांच्या ध्यानात आलं नाही. पेढा खाताना ते कोणाच्याच ध्यानात येत नसतं.

त्यात आणखी एक उपद्व्याप होता. तिन्ही संगणकांवर लिनक्सच्या तीन वेगवेगळ्या पिढ्या होत्या. सोसायटीचा सगळ्यात जुना, तिकीटघराचा मधला, शाळेचा नवा. प्रत्येक पिढीसाठी प्रोग्रॅमचा डबा, म्हणजे पॅकेज, वेगळा बांधावा लागे, आणि जुन्या पिढीच्या डब्याचा आकडा नव्या पिढीच्यापेक्षा किंचित लहान ठेवावा लागे, नाहीतर उद्या संगणकाची पिढी बदलली तर तो जुनाच डबा कवटाळून बसतो. यासाठी आकड्यामागे एक लाटेसारखी वळवळीत खूण आणि पिढीचं नाव लावतात. ती शेपटी लागली की आकडा बिनशेपटीच्यापेक्षा लहान होतो.

"शेपटी लावली तर वाढायला पायजे," नुरुद्दीन म्हणाला. "कमी कसा होईल?"

"तुमच्या भाऊसाहेबांच्या नावामागे निवृत्त लागलं, तेव्हा वाढले की कमी झाले?" शकूताईंनी विचारलं. भाऊसाहेब त्या दिवशी आमटी न घेता उठले.

पण तो हिवाळा भाऊसाहेबांच्या आयुष्यातला चांगला हिवाळा होता हे सांगितलं पाहिजे, कारण पुढे सांगण्यासारखं चांगलं फारसं नाही. बाळाजीने महिनाभर पडद्याची आणि आपल्या तोंडी हिशेबाची मनातल्या मनात तुलना केली, आणि एके दिवशी बाजारात सगळ्यांदेखत म्हणाला की भाऊसाहेबांचा पडदा माझ्या बापाच्या वरचढ हाय. भाऊसाहेब त्या वाक्यावर कितीतरी दिवस जगले. शेवटी अशी पद्धत पडली की काशी परतीच्या वाटेवर किनाऱ्याच्या टप्प्यात आली की बाळाजी बायकोला फोन लावायचा. बायजा सोसायटीत जाळं विणत बसलेली असायची. ती मान वर करून पडद्यावरची वेळ वाचायची आणि काशी त्या वेळेच्या आत खाडीत शिरायची.

मग बेंगळुरूच्या रुचिकाचा मेल आला. लिनक्सची एक मोठी मांडणी जगभर फुकट वाटली जाते, तिच्यासाठी हौसेने काम करणाऱ्यांतली ही मुलगी. तिने लिहिलं की 'ओहोटी' फार सुंदर आहे, पुढच्या मोठ्या रिलीजमध्ये ती घ्यायला आवडेल, फक्त आकडा नेहमीच्या सालाचा करा, कारण २०८१ पाहून लोकांना ते भविष्यातलं वाटतं. भाऊसाहेबांनी मेल छापून घेतला आणि चष्मा पुसत तीनदा वाचला. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांच्या बढत्यांची पत्रं टाइप केली होती. त्यांच्या नावाने आलेलं असं हे पहिलंच.

त्यांनी फोन केला तेव्हा रुचिकाने विचारलं, "काका, आधी कुठे बसवलंय का? २०८१ वरून २०२५ म्हणजे आकडा खाली येणार. तिथून आधी हाताने काढून टाका हं."

"तीनच ठिकाणी आहे. घरगुतीच म्हणा," भाऊसाहेब म्हणाले. घरगुती हा शब्द त्यांना स्वतःलाच लागला, आणि बाकीचं ऐकायचं राहून गेलं.

त्या पावसाळ्यात खाडीच्या तोंडची वाळू हलली. ती दरवर्षीच थोडी हलते, या वेळी जास्त हलली. मासेमारीची बंदी उठायच्या आधी बाळाजी स्वतः छातीभर पाण्यात उतरला, बांबू रोवून मोजमाप घेतलं आणि ओल्या अंगाने भाऊसाहेबांच्या ओट्यावर आला.

"हातभर वर आली हाय वाळू," तो म्हणाला. "आता पानी लवकर सरंल. तुमच्या त्या हिशोबात घाला."

भाऊसाहेबांनी त्याच्यासमोर बसून नवी उंची घातली, नवा डबा बांधला, त्यावर 'ओहोटी २०२५.१' लिहिलं आणि पाठवून दिला. "झालं, नाखवा. उद्या सकाळी पडद्यावर आपोआप येईल. आता डोकं शिणवायचं नाही, नुसतं पडद्याकडे बघायचं."

बाळाजी बरं म्हणाला आणि ओल्या पावलांचे ठसे ठेवून गेला.

सोसायटीपर्यंत चालत गेलं तर तोंडातलं पान संपायच्या आत माणूस पोचतो. तेवढं चालून नवा आकडा पडद्यावर आला की नाही हे पाहायला भाऊसाहेब का गेले नाहीत, याचं कारण जयंतीशेठ. २०८१ जाऊन २०२५ येणार ही बातमी त्याला कळली होती, आणि तो भर बाजारात म्हणाला होता की चोपडीतलं साल कोणी खोडत नाय, माझ्या मुहूर्ताचा शकुन पुसायचा असेल तर माझ्या टीव्हीसमोर उभं राहू नका. त्यावर भाऊसाहेबांनी तितक्याच मोठ्याने सांगितलं की मग त्या टीव्हीसमोर मी पाय ठेवणार नाही. भांडण संपल्यावर दोघांनाही ते फार क्षुल्लक वाटलं असणार, पण दोघेही मुरुडचे, आणि बाजारात बोललेला शब्द मागे घ्यायची आपल्याकडे सोय नाही.

"अहो, तीन तर संगणक आहेत," शकूताई म्हणाल्या. "दोन पायाखाली, तिसऱ्याला एसटी. जाऊन बघून या."

"जाऊन बघायचं असतं तर पॅकेज कशाला बांधलं? डबेवाला आहे का मी?" भाऊसाहेब म्हणाले. तरी मनाची खात्री म्हणून त्यांनी मृणालला फोन केला, आणि मृणाल म्हणाली की काका, आमच्याकडे २०२५.१ दिसतंय, वेळही बदललीय. भाऊसाहेबांनी फोन ठेवला आणि शकूताईंकडे असं पाहिलं की त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

मृणालने एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे असं तिला वाटलंच नाही. सुट्टीत शाळेचा संगणक बिघडला होता आणि तो पुसून पुन्हा नव्याने भरला होता. त्याने २०८१ कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून २०२५ त्याला चालून गेलं. परिणामी मुरुडच्या खाडीत होडी कधी शिरवावी याची बिनचूक वेळ त्या दिवसांत फक्त म्हसळ्याला दिसत होती, डोंगराच्या आड, जिथे मुलं तिच्याखाली बसून डबा खात.

नुरुद्दीनने मात्र सांगितलं. वाटेत थांबवून तो म्हणाला, "भाऊसाहेब, माझ्या तिकीटघरात अजून वीसशे एक्याऐंशी हाय. लाँचला काय फरक नाय, आमची वाट दुसरी. पन म्हटलं कानावर घालावं."

"तो नुसता लेबलाचा भाग आहे," भाऊसाहेब म्हणाले. "आतला हिशेब बदललेला असतो. म्हसळ्याला विचारलंय मी."

"म्हसळ्याला," तो म्हणाला, आणि छत्री उघडून निघून गेला.

यानंतरचं लवकर सांगून टाकतो, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही. सप्टेंबरातली एक दुपार, आभाळ खाली आलेलं, पावसाची झड, किनारा धड दिसत नव्हता. काशीवर बाळाजी आणि दोन खलाशी होते. त्या हंगामात तोवर काशी दर वेळी भर पाण्यातच आत आली होती. टप्प्यात आल्यावर त्याने बायजाला फोन लावला. तिने मान वर केली आणि वाचलं, "पाच वाजेपरत पानी हाय." बाळाजी साडेचारला शिरला. वाळू हातभर वर होती, पाणी कधीच उतरायला लागलं होतं. काशी उंचवट्यावर बसली ती बसलीच. जसजसं पाणी ओसरलं तसतशी ती कुशीवर कलली, आणि मागून येणाऱ्या लाटा तिच्या उघड्या पोटावर आपटत राहिल्या. माणसं कमरभर पाण्यातून चालत बाहेर आली. संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावर फळ्या यायला लागल्या.

भाऊसाहेब धावत सोसायटीत गेले. टीव्हीसमोर पाय न ठेवण्याची प्रतिज्ञा त्यांना आठवलीही नाही. कोपऱ्यात २०८१ दिसत होतं, हाराचा सुकलेला दोरा अजून लटकत होता. त्यांनी संगणकाला हुकूम दिला की नवीन आवृत्ती घे. संगणकाने लगेच, अदबीने उत्तर दिलं: ओहोटीची सर्वांत नवीन आवृत्ती आधीच बसवलेली आहे.

तो रोज सकाळी चौकशी करत होता. रोज त्याला २०२५ दिसत होतं, आणि रोज तो ते जुनं म्हणून सोडून देत होता. जगाच्या कॅलेंडरात खरोखरचं २०८१ उजाडेपर्यंत तो असाच थांबला असता. यंत्राने खोटं काहीच केलं नव्हतं. पाडव्याला दिलेला शब्द ते पाळत होतं.

बाळाजी दारात उभा होता, कपड्यांतून पाणी निथळत होतं. तो ओरडला असता तर भाऊसाहेबांना बरं वाटलं असतं.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "पडद्यावर पानी व्हता. खाली न्हवता."

बायजा कोपऱ्यात जाळ्याकडे पाठ करून बसली होती. वेळ तिने वाचली होती, आणि ती गोष्ट तिच्या मनातून कोणी काढू शकणार नव्हतं.

गावाने मग सल्ले दिले. जयंतीशेठ म्हणाला की साल बदललं नसतं तर हे झालंच नसतं, आणि दुर्दैवाने ते खरं होतं. कोणी म्हणालं टीव्हीवर क्रिकेट लावा. कोणी म्हणालं संगणकाची दृष्ट काढा. काशीसाठी नुकसानभरपाई मागायला गेलेल्या बाळाजीला कचेरीत विचारलं गेलं की होडी वादळाने गेली की अपघाताने. तो म्हणाला, आकड्याने. तसा रकाना त्यांच्याकडे नव्हता. बाळाजी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. कालपर्यंत ज्याला नाखवा म्हणायचे, त्याला आता दुसरा नाखवा हाक मारून दोर ओढायला सांगत होता. भाऊसाहेबांनी ते एकदा जेट्टीवरून ऐकलं, आणि नंतर त्या बाजूला फिरायला जाणं सोडलं.

दुरुस्ती मात्र त्यांनी केली होती. लिनक्सवाल्यांतही अशी फसगत पूर्वी अनेकांची झालेली असल्यामुळे त्यावर एक तोड आहे. आकड्याच्या पुढे एक लिहायचा आणि त्यानंतर दोन टिंबं द्यायची. १:२०२५.२ असं. ज्याच्या पुढे असा एक आहे तो, ज्याच्या पुढे नाही त्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा; मागे २०८१ असो की दोन लाख असो. यंत्र मुकाट्याने नवं उतरवून घेतं. दुसऱ्या दिवशी सोसायटीत, तिकीटघरात आणि म्हसळ्याला, तिन्हीकडे १:२०२५.२ आलं. या वेळी भाऊसाहेब तिन्ही ठिकाणी स्वतः जाऊन पाहून आले, एसटीने.

या तोडीची एकच अडचण. एकदा लावलेला तो एक पुन्हा काढता येत नाही. काढला की पुढचे सगळे आकडे लहान, आणि पुन्हा तेच रामायण. प्रोग्रॅम जिवंत असेपर्यंत तो कपाळावर राहतो, आणि जाणकाराला बघताक्षणी कळतं की इथे कोणीतरी एकदा मोजण्यात चुकलं होतं.

रुचिकाचा फोन आला तो हिवाळ्यात. आवाज तोच, मऊ आणि पक्का. "काका, होडीचं ऐकून फार वाईट वाटलं. पण एक बोलू का? तो १: आम्ही घेऊ शकत नाही. आमच्या मांडणीत तुमची ओहोटी पहिल्यांदाच येतेय, तिला आल्या दिवसापासून हा डाग कशाला? तीनच तर मशीन आहेत. हाताने पुसा, बिनएकाची बसवा. मी या रिलीजमध्ये घेते. परवापर्यंत मुदत आहे."

"आणि मग?"

"मग जगात कुठेही कोणी यादी उघडली तर तिच्यात तुमचं नाव असेल. जीवन चौलकर, मुरुड."

भाऊसाहेबांनी शकूताईंना सांगितलं तेव्हा त्या बऱ्याच दिवसांनी हसल्या. "पुसून टाका," त्या म्हणाल्या. "एवढं वर्ष वाईट गेलं, काहीतरी तुमच्या पदरात पडू दे." नुरुद्दीन म्हणाला, "पुसा, भाऊसाहेब. गलती झाली, तोबा झाली, निशाणी कशाला ठेवायची?" जयंतीशेठनेही निरोप पाठवला की पुसायला माझी हरकत नाय, आणि टीव्हीसमोर उभं राहायलाही नाय. सगळं गाव एका मताचं असणं हे मुरुडात क्वचित घडतं. भाऊसाहेबांनी नवा डबा पेनड्राइव्हमध्ये भरला, पेनड्राइव्ह सदऱ्याच्या खिशात घातला आणि दुपारी सोसायटीत गेले.

सोसायटीत बायजा एकटी होती. तिने त्यांना बसा म्हटलं, पण ते संगणकापाशी उभे राहिले. पुसायचा हुकूम एका ओळीचा होता. त्यांनी तो लिहिला आणि बोट कळीवर नेलं, तेवढ्यात बायजाचा फोन वाजला.

ती उठली. पूर्वी ती बसल्या जागेवरून मान वर करायची. आता उठून थेट टीव्हीखाली जाऊन उभी राहिली, आणि डोळे बारीक करून मोठ्या वेळेकडे न बघता कोपऱ्यातल्या बारीक आकड्याकडे बघू लागली.

"व्हय, हाय," ती फोनवर म्हणाली. "एक हाय. दोन टिंबाच्या आदी एक हाय, बगला मी." मग तिने वेळ वाचली, "सव्वातीन परत पानी," आणि फोन ठेवला.

"बायजा, आधी तो एक कशाला वाचतेस?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"ते इचारतात," ती म्हणाली. "टाइम मंग. आदी इचारतात, एक हाय का बग. एक असला मंजे काशी गेली त्याच्यानंतरचा हिशोब. एक नसला तर टाइम वाचूच नको, मी भायेरच थांबन." ती खाली बसली आणि जाळं मांडीवर ओढलं. "मना बी बरा वाटतो. पयला नुसता टाइम वाचायला माजा जीव व्हयाचा न्हाय. आता एक दिसला का वाचते."

भाऊसाहेबांनी पडद्याच्या कोपऱ्यातला तो एक वाचला. बाहेर दुसऱ्याच्या होडीवरून दुसऱ्याचा दोर ओढत बाळाजी सव्वातीनच्या आत खाडीत शिरत असणार. त्याने भाऊसाहेबांवर विश्वास ठेवणं सोडलं होतं, आणि त्याला दोष देता येत नव्हता. पण त्या एकावर ठेवला होता.

त्यांनी लिहिलेली ओळ एकेक अक्षर मागे येत खोडली.

घरी आल्यावर शकूताईंनी विचारलं, "पुसलंत?"

"नाही."

"का हो?"

"तिथे काशी आहे," भाऊसाहेब म्हणाले, आणि संगणक उघडून रुचिकाला मेल लिहायला बसले. कॉलेजात असताना कारणं देणारी लांबलचक पत्रं लिहिण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. त्या दिवशी त्यांना एकच ओळ सुचली: तुमच्या यादीत नाव आलं नाही तरी चालेल, एक काढता येत नाही.

शकूताईंनी जेवायला हाक मारली तेव्हा ते पहिल्या हाकेला उठले.